ताटातला सोमल

उज्जैनीचा पुढचा सिंहस्थ २०२८ साली भरावयाचा आहे. घाट लांबविले जात आहेत, रस्ते रुंद होत आहेत, आणि क्षिप्रेत निदान स्नानापुरते तरी निर्मळ पाणी कसे राखावे या एका प्रश्नावर मध्य प्रदेश शासनाचे बरेच द्रव्य आणि बरीच बुद्धी खर्ची पडत आहे. गोमंतकातून आणि कोकणातून पुष्कळ भाविक त्या पर्वणीला जातील. महाकालाशी आमचे नाते काही आजचे नव्हे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या भग्न देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे इकडच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. इंदूरकडून येणारा यात्रेकरू नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरतो, पाठीवरची वळकटी सावरतो आणि देवदर्शनापूर्वी किंवा नंतर कोठेतरी जेवतो. त्याच्या स्नानाच्या पाण्याची चिंता वाहणारी सरकारी खाती अनेक आहेत. त्याच्या ताटातली पालक, मुळा आणि कोथिंबीर कोणत्या पाण्यावर वाढली, याची चिंता वाहणारे खाते मात्र आम्हाला शोधूनही सापडत नाही.

हा प्रश्न आम्ही छिद्रान्वेषाच्या हौसेने विचारीत नाही. नानाखेडा ज्या इंदूर रस्त्यावर आहे, त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की त्रिवेणीचा घाट लागतो. तेथे कान्ह नदी क्षिप्रेला मिळते. कान्हला ‘खान’ असेही म्हणतात. नाव कोणतेही घ्या, इंदूर शहराचे सांडपाणी आणि तेथील कारखान्यांचे उत्सर्ग पिढ्यान्‌पिढ्या याच नदीतून वाहत आले. इंदूर हे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून २०१७ पासून वारंवार गौरविले गेले, आणि त्या गौरवात खोटे काही नाही. तेथे नाल्यांची सफाई झाली, सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे उभी राहिली. परंतु कान्हचे पाणी क्षिप्रेत शिरू नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी एक लांबलचक वाहिनी टाकून ते उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पलीकडे सोडावे लागले. आणि आता पुढच्या सिंहस्थासाठी त्याहून मोठ्या बंदिस्त कालव्याचे काम हाती घ्यावे लागले. पाणी जर निर्दोष झाले आहे, तर ते घाटांपासून इतके दूर नेण्याचे प्रयोजन काय? आणि ते सदोष असेल, तर घाट टाळून ज्या गावांच्या शिवारात ते जाणार तेथील शेतकऱ्याने त्याचे काय करावे? तो तेच करील जे गंगेपासून मुळा-मुठेपर्यंत शहराखालचा प्रत्येक शेतकरी करतो. तो पंप लावील आणि भाजी काढील. उन्हाळ्यात दुसरे पाणी नसते. शिवाय सांडपाण्यात खताचा अंश असतो आणि भाजी तरारून येते.

स्नानाच्या पाण्याविषयी शासन किती हळवे असते याचा एक दाखला ताजा आहे. जानेवारी २०१९ मध्ये शनिअमावास्येच्या पर्वणीला त्रिवेणीवर पुरेसे पाणी पोहोचले नाही. नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणण्याची योजना २०१४ पासून अस्तित्वात असूनही भाविकांना चिखलात अंग भिजवावे लागले. गहजब झाला, आणि दोन-चार दिवसांतच विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी या दोघांची उचलबांगडी झाली. आम्ही त्या कारवाईला नावे ठेवीत नाही. श्रद्धेचा अवमान झाला होता आणि कोणाला तरी उत्तर देणे भाग होते. आमचे म्हणणे इतकेच की शेतात जाणाऱ्या पाण्यासाठी या देशात एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. एका डुबकीने अंगाला लागलेला चिखल दुसऱ्या डुबकीने जातो. पिकात उतरलेले विष तसे जात नाही.

मध्य प्रदेशाला हा धडा नवा नाही, हे या प्रकरणातले विशेष. १९९९ साली, छत्तीसगड वेगळे होण्याच्या एकच वर्ष आधी, त्या वेळच्या मध्य प्रदेशातील राजनांदगाव जिल्ह्यात अंबागड चौकीच्या परिसरातील विहिरींत आणि कूपनलिकांत आर्सेनिक असल्याचे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडले. कौडीकसा हे त्या भागातले सर्वांत बदनाम झालेले गाव. तेथील माणसांच्या छातीवर-पाठीवर काळे-पांढरे ठिपके उमटले होते, तळहात आणि तळपाय खरबरीत होऊन त्यांवर गाठी आल्या होत्या. बंगालबाहेर हे दुखणे पाहण्याची कोणालाच सवय नव्हती. गंगेच्या गाळात आर्सेनिक आहे हे तोवर मान्य झाले होते. पण येथे गाळ नव्हता, जुना कठीण खडक होता. डोंगरगड–कोटरी या पट्ट्यातल्या प्राचीन ज्वालामुखी आणि ग्रॅनाइटी खडकांतून ते झिरपत होते. हा मुलूख आम्हाला परका नाही. शेजारीच गडचिरोली आणि गोंदिया आहेत, गावोगाव मराठी बोलणारी घरे आहेत. ज्यांचे बालपणीचे शिक्षण उज्जैनीत झाले ते मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकविण्यात घालविली. आज अंबागड चौकी २०२२ पासूनच्या नव्या जिल्ह्यात मोडते. जिल्हे बदलतात, राज्ये बदलतात. खडक जेथे होता तेथेच असतो.

कौडीकशाच्या बाबतीत सरकारने हातपंपांकडे पाहिले. विषारी हातपंप बंद करावेत, गाळण्या बसवाव्यात, दुरून नळाने पाणी आणावे, अशी सर्व उपाययोजना पिण्याच्या पाण्याभोवती फिरली. ती आवश्यकच होती. परंतु तो भाताचा मुलूख आहे, आणि भाताला पाणी लागते. रायपूरच्या रविशंकर शुक्ल विद्यापीठातले प्रा. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातील पाणी, माती, गाळ आणि तांदूळ अशा चारही ठिकाणच्या आर्सेनिकाचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. म्हणजे विष विहिरीत थांबले नव्हते, हे वीस वर्षांपूर्वीच कागदावर आले होते. त्यानंतर शेतीच्या पाण्यासाठी काय झाले, असे विचारले तर उत्तरादाखल पुन्हा पिण्याच्या पाण्याचेच आकडे पुढे केले जातात.

येथे क्षणभर थांबून हे विष भातात शिरते कसे ते पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे लक्षात येणार नाही. आर्सेनिक मातीत बहुधा लोहाच्या गंजाला चिकटून असते. कोरड्या, हवा खेळत्या जमिनीत ते तसेच बांधलेले राहते. भातखाचरात पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो, तो गंज विरघळतो आणि बांधलेले आर्सेनिक मोकळे होते. मोकळे झालेले हे आर्सेनिक रूपाने सिलिकेसारखे असते. भाताच्या रोपाला ताठ उभे राहण्यासाठी सिलिका भरपूर लागते आणि ती घेण्याचे खास दरवाजे त्याच्या मुळांत असतात. त्याच दरवाजांतून हा चोर घरात येतो. २००८ साली शास्त्रज्ञांनी हे सप्रमाण दाखविले. गहू कोरड्या जमिनीत उभा असतो, म्हणून त्याच्या दाण्यात आर्सेनिक भाताच्या मानाने सुमारे दहावा हिस्साच उतरते. माळव्याचा रहिवासी गहू खातो आणि त्याच्या काळ्या जमिनीखाली बेसॉल्टचा खडक आहे. तेव्हा कौडीकशाचे संकट जसेच्या तसे उज्जैनीवर आले आहे, असे आमचे म्हणणे नाही. तेथले भय सांडपाण्याचे आणि कारखानदारीचे आहे. रोग दोन आहेत, पण ज्या आंधळेपणामुळे ते पोसले जातात तो एकच आहे.

आर्सेनिक हा शब्द परका वाटत असेल, तर वस्तू परकी नाही. आमच्या वैद्यांचा सोमल तो हाच. मनशीळ आणि हरताळ हीही याच कुळातली. पूर्वी पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून ते बुजवीत, आणि त्यावरूनच एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासणे’ हा प्रयोग मराठीत रुळला. ज्या पूर्वजांनी हे द्रव्य अक्षर पुसण्यापुरते वापरले त्यांना त्याचा गुण ठाऊक होता. सोमल कुलपात ठेवण्याची रीत घरोघर होती. आज तो विनारंग, विनागंध, विनाचव पाटाने वाहतो आहे आणि त्याला कुलूप नाही.

बंगालचा इतिहास या बाबतीत वाचण्यासारखा आहे, कारण त्यात कोणी खलपुरुष नाही. तळ्या-डबक्यांतले पाणी पिऊन मुले पटकी-हगवणीने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकात पूर्व आणि पश्चिम बंगालात कूपनलिका खोदण्याची मोहीम निघाली. आंतरराष्ट्रीय संस्थांनी तिला पैसा दिला. मुलांचे मृत्यू घटले. त्याच कूपनलिकांनी उन्हाळी भाताची शेती शक्य केली आणि उपाशी प्रांत पोटभर जेवू लागला. मग १९८३ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यापुढे खेड्यांतून ठिपक्यांचे रोगी येऊ लागले आणि त्यांनी त्या ठिपक्यांचा माग विहिरीपर्यंत नेला. बांगलादेशात ही गोष्ट उघड व्हावयास १९९३ साल उजाडले. २००० साली अॅलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तिला मानवी इतिहासातील सर्वांत मोठी सामुदायिक विषबाधा ठरविले. आपल्याकडे चंदीगडच्या परिसरात विहिरींतले आर्सेनिक आणि यकृताचे विकार यांचा संबंध १९७६ मध्येच नोंदला गेला होता. म्हणजे जवळजवळ अर्धशतक आम्ही हे जाणतो.

आणि या अर्धशतकात आम्ही जे शिकलो ते सारे घशापाशी येऊन अडकले आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली सांगितले. भारतीय मानकातही आज तोच आकडा आहे. शेतीच्या पाण्याला मात्र जगभर जो आकडा मार्गदर्शक म्हणून सांगितला जातो तो अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या पुस्तिकेतला आहे, आणि तो लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या दहापट आहे. हा आकडा ठरविताना पीक जगेल की मरेल, एवढेच पाहिले गेले. ते पीक खाणारा जगेल की मरेल, हा त्या हिशेबाचा विषयच नव्हता! रोपाला सोसते ते माणसालाही सोसेल, असे गृहीत धरणाऱ्या नियमाला नियम म्हणावयाचे की सोय, ते वाचकांनी ठरवावे.

हिशेबच करावयाचा तर तो सोपा आहे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने पांढऱ्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम अशी असेंद्रिय आर्सेनिकाची कमाल मर्यादा ठरविली. भातावर पोसलेला, शेतात राबणारा माणूस दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ सहज खातो. मर्यादेला टेकलेल्या तांदळातून त्याच्या पोटात ८० मायक्रोग्रॅम जातील. हाच माणूस मर्यादेला टेकलेले पाणी दिवसाला चार लिटर प्याला तर ४० मायक्रोग्रॅम जातील. नियमात बसणारे अन्न नियमात बसणाऱ्या पाण्याच्या दुप्पट विष देते! ही केवळ कागदी गणितबाजी नव्हे. पाटण्याची महावीर कर्करोग संस्था आणि इंग्लंडमधील संशोधक यांनी बिहारच्या बाधित भागात घराघरांतून जो शोध घेतला, त्यात अन्नावाटे होणारी बाधा पाण्यावाटे होणाऱ्या बाधेहून जास्त आढळली. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्या घरांत नळ आणून दिल्याने निम्मेच काम होते.

आता आमच्या स्वयंपाकघराकडे वळू, कारण वाचक विचारील की उज्जैन आणि कौडीकशाशी आमचा संबंध काय? गोव्याला ओपाचे आणि साळावलीचे पाणी मिळते. ते नदी-धरणांचे आहे, खोल कूपनलिकांचे नाही. हे आमचे सुदैव. परंतु गोव्यात पिकणाऱ्या भाताने गोव्याचे पोट भरत नाही. सरद आणि वायंगण दोन्ही मिळूनही भरत नाही, आणि खाचरे ओस पडत चालली आहेत तसतसे अधिकच भरणार नाही. रेशनच्या दुकानातला तांदूळ अन्न महामंडळाच्या कोठारांतून येतो आणि त्या कोठारांना भरणाऱ्या मोठ्या राज्यांपैकी छत्तीसगड हे एक आहे. कोणी याचा विपर्यास करू नये. अंबागड चौकीचा परिसर हा त्या विशाल भातप्रदेशातला एक ठिपका आहे आणि छत्तीसगडचा तांदूळ म्हणजे विष, असे म्हणणे हा तेथील लाखो शेतकऱ्यांवर अन्याय होईल. आमचा मुद्दा वेगळा आहे. पोत्यावर गिरणीचे नाव असते, हंगामाचे वर्ष असते. पाण्याचा पत्ता नसतो. ठिपका कोठे संपतो हे खाणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही.

आमच्या आजीच्या काळी भात मोठ्या टोपात, सहा-सहा पट पाण्यात शिजत असे आणि शिजला की वेळला जात असे. पश्चिम बंगालात या जुन्या रीतीची परीक्षा २००६ साली झाली. तांदूळ खळखळून धुवावा, भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवावा आणि वरचे पाणी टाकून द्यावे, एवढ्याने त्यातले निम्म्याहून जास्त आर्सेनिक निघून जाते, असे दिसून आले. मग प्रेशर कुकर आला. त्याने सर्पण वाचविले, वेळ वाचविला, आणि पाण्याबरोबर जे बाहेर जात होते ते सगळे भातातच कोंडले. आम्ही कुकर फेकून द्या असे म्हणणार नाही. तसे म्हटले तर घरोघरच्या गृहिणी आम्हालाच फेकून देतील. शिवाय वेळलेल्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात, हेही खरे. इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाने २०२० साली यावर मधला तोडगा सुचविला. तांदूळ आधी पाच मिनिटे उकळत्या पाण्यात घालावा, ते पाणी ओतून टाकावे आणि मग ताज्या पाण्यात मंद आचेवर नेहमीसारखा शिजवावा. निम्म्याहून अधिक विष जाते आणि सत्त्व बरेचसे टिकते. पण आमच्याकडचे खरे दैनंदिन अन्न पेज. पेजेत पाणी टाकून देण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी हाच तिचा जीव. सकाळी दहाच्या पेजेला बसणाऱ्या कष्टकऱ्याला आणि पेजेवर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाला वेळण्याचा उपाय लागू पडत नाही. युरोपात बाळांच्या भाताच्या खाण्यासाठी २०१६ साली मोठ्यांच्या पांढऱ्या तांदळाच्या निम्मी मर्यादा ठरविली गेली. आमच्या बाळांची पेज कोणत्या मर्यादेत बसते?

उकड्या तांदळाचे आणखी वेगळे आहे. भात उकडताना तो पाणी शोषतो. जेथे उकडण्याचे पाणीच बाधित विहिरीचे, तेथे उकडल्यावर दाण्यातले आर्सेनिक वाढलेले आढळते, असे बंगालच्या खेड्यांतील संशोधन सांगते. आपल्या गावच्या विहिरीवर उकडलेल्या तांदळाला ही भीती नाही, बाहेरून येणाऱ्याविषयी मात्र विचारणा व्हावी. पालेभाज्या आणि कंद यांत अळूचा क्रमांक वरचा लागतो. ते पाण्याच्या कडेला वाढते आणि पाण्यात जे असेल ते घेते. मासळीविषयी मात्र वाचकांनी निर्धास्त असावे. समुद्री मासळीत आर्सेनिक असते, पण ते बहुतांशी अशा सेंद्रिय रूपात असते की शरीर ते जसेच्या तसे बाहेर टाकते. उद्या कोणी ‘मासळीत सोमल’ अशी आवई उठविली तर बाजारात सुंगटांचा भाव पाडण्याचा तो डाव समजावा.

करावयाचे काय, याबाबत विज्ञानाने हात टेकलेले नाहीत. खाचरात सतत पाणी तुंबवून न ठेवता मधूनमधून ते सुकू दिले, तर दाण्यात उतरणारे आर्सेनिक घटते आणि पाणीही वाचते. पश्चिम बंगालने चिनसुरा येथील भात संशोधन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांच्या सहकार्याने ‘मुक्तश्री’ नावाचे कमी आर्सेनिक घेणारे वाण २०१३ साली शेतकऱ्यांच्या हाती दिले. जेथे विहीर विषारी तेथे उन्हाळी भात सोडून डाळ, तेलबिया किंवा मका घ्यावा, हे कोणताही कृषी अधिकारी सांगू शकेल. परंतु भाताला सरकारी खरेदीचा भाव आहे आणि त्याचा खरीददार ठरलेला आहे. इतर पिकांना आधारभूत किंमत कागदावर आहे, बाजारात नाही. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीत आर्सेनिक निघाले त्याला ‘भात लावू नकोस’ असे सांगून निघून येणे ही सल्ल्याची चैन झाली. त्याने लावलेली डाळ हमखास विकत घेण्याची तयारी सरकारने दाखविली, तरच त्या सल्ल्याला अर्थ आहे. लोकसभेच्या अंदाज समितीने भूजलातील आर्सेनिकावर डिसेंबर २०१४ मध्ये एक संपूर्ण अहवाल दिला. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी घरोघर नळ देण्याची जलजीवन योजना जाहीर झाली. तिच्यामुळे अनेक बाधित गावांचे पिणे सुधारले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. शेताच्या बांधावर मात्र या योजनेचा हात संपतो. पाणी एका खात्याचे, शेती दुसऱ्याचे, आणि शिजलेले अन्न तिसऱ्याचे. आर्सेनिकाला या खात्यांच्या सीमा कोणी समजावून सांगितलेल्या नाहीत.

गोव्याने या बाबतीत शहाजोगपणा करू नये. डिचोली, सत्तरी आणि सांगे येथील खाचरांत खाणींचा गाळ वर्षानुवर्षे उतरत राहिला, तेव्हा आमच्या शासनाने निर्यातीच्या खंडी मोजल्या, शेतातली माती मोजली नाही. २०१२ साली खाणी थांबल्या त्या शेतकऱ्याच्या तक्रारींच्या ढिगाने नव्हे, तर खाणव्यवहारातील बेकायदेशीरपणा चव्हाट्यावर आल्याने. खाणी पुन्हा सुरू करण्याची घाई सर्व पक्षांना आहे. त्या खालच्या खाचरांतल्या भातात कोणते धातू किती उतरले याची खुली नोंद ठेवण्याची घाई कोणाला आहे काय?

यास्तव आमची मागणी अवाढव्य नाही. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने रेशनच्या तांदळाचे, अंगणवाडीच्या खाऊचे आणि शाळेतल्या माध्यान्ह आहाराच्या तांदळाचे नमुने प्रत्येक हंगामात आर्सेनिकासाठी तपासावेत, आणि त्याचे आकडे फायलीत न ठेवता त्या त्या दुकानाच्या फळ्यावर मराठीत आणि कोंकणीत लिहावेत. अन्न महामंडळाने बाधित म्हणून नोंदलेल्या तालुक्यांतला तांदूळ वेगळा साठवून, तपासूनच पुढे पाठवावा, आणि तो अपात्र ठरला तर नुकसान शेतकऱ्याच्या माथी न मारता स्वतः सोसावे. महाराष्ट्र शासनाने गोंदिया आणि गडचिरोलीच्या सीमेवरील धानपट्ट्यात शेतीच्या विहिरींची स्वतंत्र तपासणी करावी. डोंगरगडचा खडक राज्याची हद्द पाहून थबकला असेल, या भरवशावर बसू नये. आणि मध्य प्रदेश शासनाने सिंहस्थासाठी क्षिप्रेच्या घाटांवर पाण्याची जी नित्य तपासणी चालविली आहे, तिच्या जोडीला नानाखेड्यापासून त्रिवेणीपर्यंतच्या आणि नव्या कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांतल्या भाजीपाल्याची आणि विहिरींची तपासणी आजपासून सुरू करावी. पर्वणीला लाखो माणसे एका गावी जेवतील. त्या अन्नछत्रांना भाजी पुरविण्याचे ठेके दिले जातील तेव्हा ती कोणत्या पाण्यावर वाढली हे ठेक्यात लिहून घेता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. कालव्याचे काम पूर्ण होऊन कान्हचे पाणी पहिल्यांदा त्यातून सोडले जाईल, त्यापूर्वी खालच्या प्रत्येक गावातील निदान एका विहिरीचा आजचा आकडा नोंदला गेला पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी तेथील कोणी तळहात पुढे करून दाखविले, तर पूर्वी काय होते आणि नंतर काय झाले हे सिद्ध करण्याचा कोणताही पुरावा त्याच्यापाशी असणार नाही.